शोकसभेची रंगीत तालीम

आमच्या वस्तीत त्यांना सगळे सुभेदार म्हणायचे आणि ते दर वेळी दुरुस्ती करायचे, "हवालदार!" त्यावर समोरचा मान डोलावून म्हणायचा, "हो जी, सुभेदार." सैन्यातून ते हवालदार म्हणूनच सुटले होते. पण सरकारनं दिलं नाही ते प्रमोशन वस्तीनं परस्पर देऊन टाकलं होतं, आणि आमची वस्ती एकदा दिलेलं परत घेत नाही. आम्हा सुनांना तर तेवढंही म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि हे गल्लीतल्या साऱ्याच सुनांचे मामाजी. माझे खरे सासरे बिचारे गरीब गाय होते, जेवायला वाढलं का एवढंही विचारायचे नाहीत. सासुरवास म्हणून मला जो काय झाला तो या समोरच्या घरातल्या मामाजींचा. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, तरी मी माझ्या अंगणवाडीची फरशी पुसली की अजून कोपऱ्यात बोट फिरवून पाहते. ही सवय त्यांनीच लावली. सकाळी फिरून येताना ते आत शिरायचे, खिडकीच्या वरच्या कडेवर बोट फिरवायचे आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरायचे. बोलायचे काही नाहीत. अरे, बोला तरी! धूळ आहे तर धूळ आहे म्हणा!

त्यानंतर पोरांची नखं तपासायची. पोरं हात पुढं करून रांगेत उभी राहायची आणि मला हसू आवरायचं नाही. पण एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार हात जोडून गल्लीत आला, चारचौघं कार्यकर्ते मागं, आणि मामाजींनी त्याचे जोडलेले हात सोडवून उलटे केले. "नखं पाहा काय वाढवून ठेवले! काय गा, या हातानं तू आमच्या नाल्या साफ करशील?" उमेदवार निवडून आला. पण पाच वर्षं आमच्या गल्लीत तो हात खिशात घालून फिरला.

रस्त्यात त्यांना जयभीम घालणं म्हणजे एक कामच होतं. आपण चालता चालता "जयभीम मामाजी" म्हणून पुढं जावं, तर ते जागीच थांबायचे, टाच टाचेला लावायचे, आणि मग सलाम ठोकून उत्तर द्यायचे. सलाम करताना हातात काही नको हा त्यांचा नियम, म्हणून हातात जे असेल ते जवळच्या माणसाकडे द्यायचे. मी त्यांची दुधाची बरणी धरली आहे, रॉकेलचा डबा धरला आहे, आणि एकदा तर जिवंत कोंबडी धरली आहे. तिनं माझ्या नव्या साडीवर काय केलं ते सांगत नाही.

लढाई त्यांनी पाहिलेली होती. पण लढाईचं विचारलं की गडी मोज्यांवर यायचा. "मामाजी, तिकडं काय झालं जी?" "चिखल होता. मोजे ओले झाले." "आणि शत्रू?" "त्याचेही ओलेच असतील." बस. सगळ्या लढाईचं सार एवढंच की माणसानं पाय कोरडे ठेवावे. लग्नात आहेर म्हणून ते मोजेच द्यायचे. नागपूरचा मे महिना, मांडवात पंख्यातून झळा येऊन राहिल्या, नवरदेवाच्या कपाळावरून घाम गळून राहिला, आणि त्याच्या हातात लोकरीच्या मोज्यांचा जोड! माझ्या नवऱ्याकडं अजून तो जोड आहे. आम्ही त्यात लसूण ठेवतो.

पेन्शनवर भागेना म्हणून त्यांनी काही दिवस हिंगण्याला एका कारखान्यात गेटवर नोकरी केली. तिथं त्यांनी मालकाचीच गाडी अडवली, "पास?" मालक म्हणाला, मी मालक आहे. हे म्हणाले, "असाल. पास दाखवा." नोकरी गेली. घरी आले तर मामी, म्हणजे त्यांची बायको, चुलीपाशी बसून बोलायला लागली ती शेजारच्या गल्लीत ऐकू गेली. मामी म्हणजे अशी बाई, की नवऱ्याची बाजू बरोबर आहे हे तिनं जन्मात कधी कबूल केलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो असं ते म्हणाले असते तर ती उठून पाहायला गेली असती.

त्यांचा सगळ्यात मोठा मंत्र म्हणजे रिहर्सल. "रिहर्सल नाही, त्याची फजिती होते." लग्नाच्या आदल्या दिवशी वरातीची रिहर्सल, शाळेत पोरगं घालायच्या आधी नाव सांगायची रिहर्सल. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोनं लोक येतात, तिथं आमच्या वस्तीचा पाण्याचा स्टॉल असायचा, त्याचीही रिहर्सल. त्यात एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचे. पाणी वरून ओतायचं नाही. ग्लास भरायचा आणि माणसाच्या हातात द्यायचा. गर्दीत ग्लास पुरायचे नाहीत, धुता धुता आमचे हात सुजायचे, बाजूच्या स्टॉलवाले पाइपनं धडाधड ओंजळीत पाणी सोडून मोकळे व्हायचे. आम्ही म्हणायचो, मामाजी, लोकाईले घाई आहे. ते म्हणायचे, "असू दे. हातात दे." मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याचा हेका, दुसरं काय!

मोर्चाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा माणूस कळणार नाही. घरं आमची होती, पण खालची जमीन सरकारची. जमिनीचे पट्टे आमच्या नावानं करा म्हणून मामाजींनी वर्षानुवर्षं अर्ज केले, उपोषणं केली, जेलात जाऊन आले. जेलातही त्यांनी पहाटे सगळ्या कैद्यांना कवायतीला उभं करायला सुरुवात केली, तर म्हणे जेलरनंच यांचा जामीन कधी होतो म्हणून चौकशी केली. मग ठरलं, हिवाळी अधिवेशनावर मोर्चा न्यायचा. नागपुरात हिवाळा म्हणजे संत्र्यांचा आणि मोर्चांचा सीझन. राज्यभरचे मोर्चे येतात, पोलीस कठडे लावून अडवतात, लोक घसा बसेस्तोवर ओरडतात आणि पोहे खाऊन परत जातात. मामाजी म्हणाले, "आपण ओरडायचं नाही. आपण चालायचं."

मी तेव्हा नवी नवरी. संध्याकाळी सैपाक आटोपला की विहारामागच्या मैदानात साऱ्या बायांची परेड. आता आमच्यातल्या निम्म्या बायांना डावं-उजवं कळेना. डावा म्हटलं की एकीचा इकडे, दुसरीचा तिकडे, मधलीच्या पायावर दोन्ही. मामाजी डोकं धरून बसले. मग दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "लेकरू कोणत्या कमरेवर घेता वं?" सगळ्यांनी डावीकडं हात लावला. "भाकर कोणत्या हातानं टाकता?" सगळ्यांनी उजवा दाखवला. झालं! त्या दिवसापासून आमचं लेफ्ट-राइट म्हणजे "लेकरू! भाकर! लेकरू! भाकर!" आणि काय सांगू, अशी पावलं पडायला लागली की मैदानातली कुत्री पळाली.

मोर्चाच्या दिवशी आम्ही पांढऱ्या साड्या नेसून तीन-तीनच्या रांगेत निघालो. पुढं मामाजी, छातीवर मेडल, गळ्यात निळा पंचा. तोंडानं एकच, लेकरू, भाकर. पहिल्या कठड्यापाशी एक तरणा शिपाई उभा होता. समोरून एका पावलात येणारी पलटण आणि पुढं मेडलवाला म्हातारा पाहिला, आणि त्या पोरानं काय विचार केला देव जाणे, खाडकन सलाम ठोकला आणि कठडा बाजूला सरकवला! आम्ही आत. मागचे सगळे मोर्चे कठड्याशी कोंबलेले, आणि आम्ही मधल्या मोकळ्या रस्त्यानं एकट्या चालून राहिलो. पुढच्या कठड्यावर मोठा साहेब धावत आला, "ही कोणाची तुकडी?" मामाजींनी आम्हाला थांबवलं, सलाम केला आणि म्हणाले, "आपलीच, साहेब. घर मागून राहिली." साहेबाला हसावं की रागवावं कळेना. पण त्यानं दोघा-चौघांना मंत्र्यापर्यंत नेलं हे खरं. पट्टे मिळायला पुढं फार वर्षं गेली. पण त्या दिवशी आम्हाला कोणी हाकललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की महिलांनी लेकरांसाठी भाकरीची मागणी केली.

त्या मेडलांवरून मात्र भांडण लागलं ते कायमचं. माजी सैनिकांचं मंडळ म्हणालं, देशाचं मेडल लावून सरकारविरुद्ध मोर्चा काढता? चळवळीच्या समितीतले लोक म्हणाले, सरकारचं मेडल लावून आमच्या मोर्चात येता? दोघांनाही ते पाहिजे होते, पण अर्धे. मंडळ सत्कार करायला यायचं ते म्हणायचं, सैनिक म्हणून बोलू, ते राजकारण नको. समितीवाले यायचे ते म्हणायचे, नेते म्हणून बोलू, ते बंदूक-बिंदूक राहू द्या. मामाजी दोघांनाही चहा पाजायचे आणि दारापर्यंत सोडून यायचे. "मले हार चालत नाही," एवढंच सांगायचे. शाल आली, परत. नारळ आला, तेवढा मामी ठेवून घ्यायची, कारण चटणीला लागतो.

हार काहून चालत नाही, ते मला मामीनं सांगितलं. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. लढाई संपली आणि मामाजी पहिल्यांदा सुट्टीवर गावी आले, उमरेडच्या पुढं त्यांचं गाव, तेव्हा गावानं त्यांना लेझीम लावून एस.टी.च्या थांब्यावरून आणलं होतं. शाळेच्या ओट्यावर खुर्ची, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार, गावच्या मोठ्या माणसांची भाषणं, आमच्या गावचा वाघ आणि काय काय. ऊन फार होतं. मामाजींनी पाणी मागितलं. पाणी आलं. आणणारा म्हणाला, "खाली उतर, ओंजळ कर." वर्दी अंगावर, हार गळ्यात, आणि तांब्या विटाळू नये म्हणून वरून धार. गावातल्या कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, पाहुणचारच चालला होता! मामाजी खाली उतरले, ओंजळ केली, पाणी भरू दिलं, आणि सगळ्यांच्या देखत ओंजळ उघडली. पाणी मातीत गेलं. हार काढून खुर्चीवर ठेवला आणि घरी आले. संध्याकाळपर्यंत गिरणीवाल्यानं दळण बंद केलं, दुकानदारानं मीठ बंद केलं. दुसऱ्या दिवशी मामी डोक्यावर ट्रंक घेऊन नागपूरच्या रस्त्याला लागली. तिचं लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

"एक घोट पिला असता तर काय झालं असतं वं?" मामी मला म्हणाली. "माह्यं सारवलेलं अंगण होतं. दारात चिंच होती. यानं पाणी सांडवलं आणि माह्यं सारं गाव त्यात वाहून गेलं." हे ती मलाच काय, मामाजींनाही रोज ऐकवायची. नळ गेला, एक घोट पिला असता तर. भाजी महागली, एक घोट पिला असता तर. मामाजी एरवी कोणाचं ऐकून घ्यायचे नाहीत, पण यावर ते उठून बाहेर जायचे आणि सायकल पुसत बसायचे. मला त्यांची फार कीव यायची, आणि मामीचीही यायची. दोघांचंही खरं होतं, आता कोणाला काय म्हणावं?

मग मामाजींच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून परत आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. वस्तीत धावपळ सुरू झाली. मंडळवाले आले, समितीवाले आले, आता तरी सत्कार होऊ द्या. मामाजी पलंगावरून म्हणाले, "नाही." त्या दिवशी मामी माझ्या अंगणवाडीत आली, पोरांच्या छोट्या खुर्चीवर कशीबशी टेकली आणि रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मेल्यावर सारे चांगलं बोलतील. तेव्हा याले ऐकू येणार आहे का? आत्ताच अर्धं ऐकू येते," ती म्हणाली. तोफांच्या आवाजानं मामाजींचा एक कान गेला होता. "मले बोलायचं आहे वं एक. घरात माह्या तोंडून निघत नाही. तोंड उघडलं की भांडणच निघते. चार लोकांत निघंल."

"पण सत्काराले ते बसत नाहीत ना, मामी."

मामीनं नाक पुसलं, आणि या बाईचं डोकं पाहा! म्हणाली, "सत्कार म्हणू नको. रिहर्सल म्हण."

मी सरळ गेले त्यांच्या पलंगापाशी. "मामाजी, राग नका मानू. पण तुमाले उद्या काही झालं तर आमची मोठी फजिती होईल. शोकसभेत कोण आधी बोलंल, कोण हार घालंल, काहीच ठरलं नाही."

मामाजी ताडकन उठून बसले. "रिहर्सल नाही झाली?"

"नाही जी."

"मग इतके दिवस तुम्ही लोक काय करून राहिले?"

रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये शोकसभेची रंगीत तालीम ठरली. सतरंज्या त्यांनी सरळ करवल्या, चपला रांगेत लावायला लावल्या. पुढं टेबल ठेवलं, त्यावर फोटो ठेवायचा. फोटो फ्रेम करून आला नव्हता. मामाजी म्हणाले, "फोटोच्या जागी मी बसतो." आणि टेबल काढून तिथं खुर्ची ठेवून बसले. मंडळवाले टोपी आणि मेडल घेऊन आले, समितीवाले निळा पंचा घेऊन आले, आणि काय घालायचं यावरून दारातच जुंपली. मामाजी बसल्या जागेवरून ओरडले, "टोपी डोक्यावर, पंचा गळ्यात! मेलेला माणूस एकच आहे, दोन नाही!" दोघंही पुढं होऊन त्यांना सजवायला लागले. मग हार आला. मामाजींनी हाराकडं पाहिलं. "फोटोले आहे ना? मग घाला." आणि एवढ्या वर्षांनी त्या गळ्यात हार पडला. मी तोंडात पदर कोंबला.

मंडळाचे अध्यक्ष बोलायला उठले. "शत्रूच्या गोळ्यांचा पाऊस पडत असताना..."

"पाऊस पाण्याचाच होता," फोटो म्हणाला. "गोळ्या कमी, जळवा जास्त. दुरुस्त कर."

समितीचे पुढारी उठले. "त्यांनी एकट्याच्या बळावर या वस्तीला..."

"एकट्यानं कसं बे? ह्या बाया काय पाहायले आल्या होत्या? दुरुस्त कर."

नगरसेवक बोलता बोलता गहिवरले तर त्यांना दटावलं, "रडायचं शेवटी. तू आत्ताच सारं रडला तर मागच्यानं काय करायचं?" मग दोन मिनिटं शांतता. सगळे उभे राहिले, मामाजीही सवयीनं उठून सावधान उभे राहिले. मध्येच कोणाचा तरी मोबाइल वाजला. "पुन्हा पहिल्यापासून!" अशी ती शांतता आम्ही इतक्यांदा पाळली की मागं बसलेल्या एका म्हाताऱ्याला झोप लागली. हसून हसून माझं पोट दुखत होतं आणि डोळे गळत होते. आयुष्यभर नाही नाही म्हणालेला माणूस हार घालून टेचात बसला होता आणि त्याला त्याचंच चांगलं ऐकवून राहिलो होतो. त्याला वाटत होतं तो आमची कवायत घेऊन राहिला आहे!

शेवटी मामी उठली. माइक हातात कसा धरायचा ते तिला कळेना, मी धरला. ती लोकांकडं पाहायलाच तयार नाही, सरळ मामाजींकडं तोंड करून उभी.

"मले भाषण येत नाही. तुमी गावात पाणी सांडवलं, तेव्हापासून मी तुमाले बोलून राहिली. एक घोट पिला असता म्हणून. सारं आयुष्य बोलली. माह्यं अंगण गेलं, माह्यी चिंच गेली. त्याचं दुःख मले होतं, अजून आहे. खोटं काहून सांगू." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "पण तुमी ते पाणी पिले असते ना, तर मी तुमच्या घरात राहिली असती, तुमाले जेवाले वाढलं असतं, पण तुमच्या तोंडाकडं मले पाहवलं नसतं. आपल्या नातीले मालूमच नाही का पाणी असं वरून पाजतात. मालूमच नाही तिले. तुमी बरोबर होते."

सगळ्यांनी मामाजींकडं पाहिलं. आता दुरुस्ती येणार, आता "थांब" म्हणणार. ते तसेच ताठ बसले होते, हनुवटीपर्यंत हार. मग त्यांनी सावकाश हात उचलला आणि चांगल्या कानामागं धरला.

"मागपर्यंत आवाज नाही गेला," ते म्हणाले.

"आला जी! साफ आला!" मागून कोणीतरी ओरडलं.

"चूप!" मामाजींनी त्याला गप्प केलं आणि मामीकडं वळले. "रिहर्सल आहे. पुन्हा म्हण."

मामीनं पदरानं डोळे पुसले. "कुठून म्हणू?"

"बरोबर होते, तिथून."